टी ४८० सांगून टी ४७० गळ्यात मारला: २३,७०० रुपये पाण्यात

सेकंड हँड लॅपटॉपमध्ये जुनं मॉडेल नवीन सांगून खपवतात, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मलाही माहीत होतं. त्यामुळे "नीट बघून घ्यायचं ना" म्हणणाऱ्यांनी आधी पुढचं वाचावं. मी बघूनच घेतला होता.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. माझा डेस्कटॉप चौथ्या जनरेशनच्या प्रोसेसरचा, त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. मी घरून जीएसटीची कामं करते. लोकांचे पॅन, बँकेचे तपशील त्या मशीनवर असतात, तेव्हा "चालतंय तोवर चालवू" म्हणणं मला परवडणारं नव्हतं. दुकानातला नवाकोरा, पण दोन वर्षांत बिजागरी सैल होणारा लॅपटॉप घेण्यापेक्षा ऑफिसातून निघालेला थिंकपॅड टी ४८० घ्यावा असं ठरवलं. आठव्या जनरेशनचा प्रोसेसर, म्हणजे विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसतो. रॅमचे दोन स्लॉट. मागची बॅटरी खटका सरकवला की हातात येते. ही निवड बरोबरच होती, आजही तेच सांगेन. माल दुसरा आला, त्याला मी काय करू?

एका ॲपवर जाहिरात होती. विक्रेत्याचं रेटिंग चांगलं, बोलणं तर साखर पेरल्यासारखं. "मॅडम, कॉर्पोरेट लॉट आहे, एकाच कंपनीचा." बुकिंगचे २,००० यूपीआयने घेतले, डिलिव्हरीच्या वेळी १९,९००, आणि "नवीन बॅटरी टाकून देतो" म्हणून वर १,८००. एकूण २३,७००. माझा डेस्कटॉप त्याच आठवड्यात ४,२०० ला विकला, म्हणजे परतीचा रस्ताही बंद.

पार्सल उघडलं तेव्हा चार्जर हातात आला. पिवळ्या तोंडाचा, चपट्या चौकोनी पिनेचा. इथेच, नेमकं इथेच लक्षात यायला हवं होतं. टी ४८० ला असली पिन लागतच नाही. त्याच्या डाव्या कडेला दोन टाइप-सी असतात आणि चार्जिंग त्यावरच. आणि मी गप्प बसले नाही हो, लगेच फोन लावला! तो हसून म्हणाला, "मॅडम, टाइप-सीवर पण होतो, लावून बघा. हा चार्जर एक्स्ट्रा दिलाय." लावून बघितला, झाला चार्ज. कारण टी ४७० ला, म्हणजे टी ४८० च्या आधीच्या मॉडेलला, चौकोनी पिनेच्या जोडीला एक टाइप-सीही असतो आणि तो त्यावरूनही चार्ज होतो. आता सांगा, यावर कोण संशय घेणार? खोटं बोलणारा माणूस निम्मं खरं बोलतो तेव्हा त्याला पकडायचं कसं?

सेटिंगमध्ये प्रोसेसरचं नाव बघितलं, तेही आय फाइव्ह-८३५०यू, म्हणजे आठवी जनरेशन. स्क्रीनच्या कडेला टी ४८० लिहिलेलं. आणि मशीनच्या पोटावर विक्रेत्याचा स्टिकर: "हा काढल्यास वॉरंटी रद्द". कुठे चिकटवला होता? बरोबर कंपनीच्या लेबलवर! त्या लेबलवर मशीनचा टाइप असतो. २०एल५ किंवा २०एल६ असेल तर टी ४८०. २०एचडी, २०एचई असेल तर टी ४७०. मी वॉरंटी सांभाळत बसले, तो चोरी झाकत बसला होता.

विंडोजचं मोठं अपडेट काही येईना, म्हणून दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने टास्क मॅनेजर उघडला. नाव तिथेही ८३५०यू, पण खाली कोअर्स २. खऱ्या ८३५०यू ला ४ असतात. बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणारा मशीनचा स्वतःचा सेटिंग स्क्रीन, उघडलं तर आय फाइव्ह-७३००यू, सातवी जनरेशन, विंडोज ११ च्या यादीबाहेर. विंडोजमध्ये दिसणारं प्रोसेसरचं नाव रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या नोंदवहीत, बदलता येतं आणि मशीन सुरू होताना एक छोटी फाइल ते दर वेळी पुन्हा बदलते, असं त्याने समजावलं. स्टिकर सोलला, खाली २०एचई. आणि ती १,८०० ची "नवीन" बॅटरी? बॅटरी रिपोर्टमध्ये मूळ क्षमता ४७,५२०, सध्याची १९,३१०. कुणाची तरी उतरलेली बॅटरी मला विकत दिली.

यापुढे कुणी काही घेत असाल तर पैसे देण्याआधी बायोसच्या स्क्रीनचा आणि पोटावरच्या लेबलचा फोटो मागा. टाळाटाळ केली की विषय संपला.

मग सुरू झाला दुसरा तमाशा. ॲपवाले म्हणाले, अनबॉक्सिंगचा व्हिडिओ द्या. दिला. उत्तर आलं, "व्हिडिओत लॅपटॉप सुरू झालेला दिसत आहे, तक्रार बंद करत आहोत." ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिनाभरात निकाल द्यायचा असतो, हे कळवलं. तेच उत्तर पुन्हा, खाली स्मायली. (तुमचाही व्हिडिओ काढाल तेव्हा लेबल, बायोस, सगळं त्यात घ्या. नुसता डबा फोडू नका.)

पोलीस ठाण्यात तर कहरच. "माल मिळाला ना मॅडम? मग फसवणूक कसली? हे ग्राहकवाल्यांकडे जाणार." मी म्हटलं, एक सांगून दुसरं दिलं, हेच तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, जुनं ४२०. साहेबांनी बिल मागितलं. बिलावर काय? "लॅपटॉप, १ नग." मॉडेल नाही, सिरियल नंबर नाही, जीएसटी नंबर नाही. दिवसभर लोकांची बिलं तपासणाऱ्या बाईला साहेबांनी बिल कसं घ्यावं हे शिकवलं! डिलिव्हरीवाला दारात घाई करत असताना, पैसे मोजून झाल्यावर पार्सलमधून निघालेलं बिल मी आधी कुठून तपासणार होते? अर्ज ठेवून घेतला, शिक्का मारलेली पोच मात्र भांडून घ्यावी लागली. पोच सोडू नका, बाकी काही मिळो न मिळो. ग्राहक हेल्पलाइनवरच्या मुलीने गोड आवाजात सांगितलं की आम्ही फक्त विक्रेत्याला विनंती करू शकतो. विनंती! त्याचा नंबर तोवर बंद झाला होता.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार टाकली. ५ लाखांपर्यंत फी नाही, २ वर्षांच्या आत करता येते, आणि विक्रेता दुसऱ्या गावचा असला तरी आपण राहतो तिथल्या आयोगात करता येते. वकील सक्तीचा नाही. हे मला कुणी सांगितलं नाही, माझं मी शोधलं. स्टिकरचे तुकडे, चार्जर, बॅटरी रिपोर्टची प्रिंट, चॅटचे स्क्रीनशॉट, सगळं जोडलंय. दुरुस्तीवाल्याकडून लेटरहेडवर लिहूनही घेतलंय, त्याचे ३०० वेगळे.

तोच माल काल पुन्हा जाहिरातीत दिसला. विक्रेत्याचं नाव नवीन, फोटो तेच, किंमत २०,४९९, आणि पोटाकडचा फोटो एकही नाही. चॅटमध्ये फक्त "लेबलचा फोटो पाठवा" एवढं लिहिलं. त्याने मला ब्लॉक केलं.