अंकुरांसाठी तीन रंगांची एलईडी पेटी: उजेड चोख, अंधार कच्चा

अंकुरांमधल्या विकरांवर उजेडाचा काय परिणाम होतो ते मोजण्यासाठीची ही टेबलावरची पेटी. लाल (660 नॅनोमीटर), दूर-लाल (730) आणि निळा (450) असे तीन कप्पे, चौथा अंधाराचा. दिव्यांबद्दल तक्रार नाही. पाच मिनिटं लाल, लगेच पाच मिनिटं दूर-लाल, मग पुन्हा अंधार, हा फायटोक्रोमचा (रोपातलं उजेड ओळखणारं रंगद्रव्य; लालने चालू, दूर-लालने बंद होणारं) क्रम टायमरवर नीट बसतो. पांढऱ्या दिव्याच्या संचात हे जमत नाही.

घोडं अडतं ते अंधाराच्या कप्प्यापाशी. झाकणाच्या सांध्यातून आणि वायरच्या भोकातून उजेड झिरपतो आणि फायटोक्रोमला तेवढाही पुरतो. तुलनेची रोपंच उजेडात आली, तर फरक दिसणार कुठून? सांध्याला काळी फोमपट्टी चिकटवा, डिश फॉइलमध्ये दुहेरी गुंडाळा. हाताळताना हिरवा दिवा मंद आणि थोडाच वेळ. तोही पुरता निरुपद्रवी नसतो.

पंखा एकच असल्याने दिव्यांचे कप्पे तापतात. गरम कप्प्यातली रोपं वाढीत पुढे जातात आणि तो फरक उजेडाच्या खात्यावर जमा होतो. प्रत्येक कप्प्यात तापमापी ठेवाच.

सोबतची पुस्तिका मात्र बाजूला ठेवावी. ती गव्हातलं अमायलेज, म्हणजे स्टार्च तोडणारं विकर, मोजायला सांगते. गव्हात ते जिबरेलिन या संप्रेरकाच्या इशाऱ्यावर तयार होतं, अंधारातही भरपूर. त्याऐवजी मोहरी घ्या आणि फेनिलअलानिन अमोनिया लायेज मोजा; उजेडाने वाढणारं हे विकर फेनिलअलानिनपासून सिनॅमिक आम्ल बनवतं. अंधारात 25 अंशांवर उगवलेल्या रोपांना काही तास उजेड द्या. बीजपत्रं बर्फावर, थंड बोरेट बफरमध्ये (सामू 8.8) वाटा, सेंट्रिफ्यूज करा, वरच्या द्रवात एल-फेनिलअलानिन घाला आणि सिनॅमिक आम्ल किती वाढतं ते 290 नॅनोमीटरच्या प्रकाशशोषणावरून पाहा. आकडे प्रथिनाच्या मिलिग्रॅममागे मांडा. अंधारातली रोपं लांबट, पाणीदार असतात, ओल्या वजनावर हिशेब फसतो.

पुस्तिकेत दूर-लाल म्हणजे ‘बंद’ असं सरसकट लिहिलंय. ते लालनंतरच्या छोट्या झोतापुरतं खरं. दूर-लाल तासन्‌तास चालू राहिला, तर मोहरीत हेच विकर उलट वाढतं.

आणि पेटीतले प्लास्टिकचे साधे क्युव्हेट (मोजणीसाठी द्रव धरायच्या छोट्या कुप्या) 290 नॅनोमीटरला उजेडच अडवतात, क्वार्ट्झचे लागतात. क्युव्हेट वगळून पेटी मिळते का, ते विक्रेत्याला आधीच विचारा.