ओजा २१२७ : यंत्र चोख, पण बागायतदाराच्या खिशाचे काय?

महिंद्राचा ओजा २१२७ हा २७ अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर द्राक्षबागेसाठी आज मिळणाऱ्या विचारपूर्वक बनवलेल्या यंत्रांपैकी एक आहे. तरीही दोन-तीन एकरांच्या बागायतदाराने तो एकट्याने, नवा आणि कर्जावर घ्यावा असे मला वाटत नाही. या दोन्ही मतांमध्ये विरोध नाही. यंत्राचा दर्जा आणि यंत्राची किंमत यांचा वेगवेगळा विचार करण्याची वेळ आपल्यावर आली आहे, म्हणूनच हे परीक्षण ट्रॅक्टरचे जितके आहे तितकेच त्याच्या किमतीचे आहे. मी दिंडोरी तालुक्यात द्राक्षे पिकवतो. मावसभावाने घेतलेला हा ट्रॅक्टर मी गेल्या फळछाटणीच्या हंगामात त्याच्या बागेत पुष्कळ चालवला आणि त्याच सुमारास स्वतःसाठी नाशिक परिसरातल्या शोरूममधून कोटेशनेही घेतली.

आधी यंत्राबद्दल. ओजा मालिका १५ ऑगस्ट २०२३ रोजी दक्षिण आफ्रिकेत केप टाउन येथे सादर झाली. जपानमधील मित्सुबिशी महिंद्रा कंपनीच्या अभियंत्यांसोबत तिची रचना झाली असून तिचे उत्पादन तेलंगणातील झहीराबादच्या कारखान्यात होते. २१२७ मध्ये तीन सिलिंडरचे इंजिन, चारही चाकांना चाल, पॉवर स्टिअरिंग, बारा पुढचे आणि बारा मागचे गिअर आणि ९५० किलो उचलणारी लिफ्ट आहे. माहितीपत्रकावर हे आकडे साधे वाटतात, पण नऊ फुटांच्या ओळींत मागे ब्लोअर (पंख्याच्या हवेने औषध फवारणारे यंत्र) जोडून काम करताना त्यांचा अर्थ कळतो. ओळ संपते तिथे बांधाला लागून वळायला जागा थोडी असते. जुन्या ट्रॅक्टरवर क्लच दाबायचा, गिअर काढायचा, मागे घ्यायचे, पुन्हा पुढचा गिअर टाकायचा, आणि हे सगळे मंडपाच्या कडेच्या ताणाच्या तारेला ब्लोअरचे तोंड लागणार नाही अशा बेताने करायचे, असा प्रकार असे. इथे स्टिअरिंगजवळचा एक दांडा पुढे-मागे केला की दिशा बदलते आणि जितक्या वेगाने पुढे जाता येते तितक्याच वेगाने मागेही येता येते. दिवसभरात अशी वळणे किती होतात हे बागेत काम केलेल्याला वेगळे सांगायला नको. संध्याकाळी डाव्या पायाचा गुडघा दुखत नाही, हा मला जाणवलेला सर्वांत ठळक फरक.

दुसरी गोष्ट पीटीओची, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या अवजाराला देणाऱ्या फिरत्या दांड्याची. तो बटणाने चालू-बंद होतो आणि अवजार उचलले की आपोआप थांबण्याची सोयही त्यात आहे. फवारणीत याचा थेट उपयोग होतो, कारण वळणावर पंखा आणि पंप फिरत राहिले तर महागडे बुरशीनाशक बांधावर पडते. चार चाकांच्या चालीबद्दल तर दुमत होऊ नये. छाटणीनंतर पोंगा अवस्थेत, म्हणजे डोळे फुटू लागताना, पाऊस झाला की डावणी या बुरशीजन्य रोगाच्या भीतीने दुसऱ्या दिवशी सकाळीच बागेत शिरावे लागते, आणि काळ्या जमिनीत तेव्हा फक्त मागच्या चाकांवर चालणारा ट्रॅक्टर भरलेल्या टाकीसह जागीच चिखल घुसळत राहतो. ज्यांनी एक फवारणी एका दिवसाने चुकल्यामुळे घड जिरलेले किंवा डावणीने गेलेले पाहिले आहेत, त्यांना चार चाकांसाठी द्यावे लागणारे जादा पैसे टोचत नाहीत.

एक उणीव मात्र मोकळेपणाने सांगितली पाहिजे, आणि ती केवळ याच ट्रॅक्टरची नाही. वीज आणि सेन्सर यांवर चालणाऱ्या सोयी जितक्या वाढतात, तितका गावातल्या मेकॅनिकचा हात आखडतो. जुना दोन सिलिंडरचा ट्रॅक्टर गावातच खोलून पुन्हा उभा करता येत असे. या नव्या पिढीच्या ट्रॅक्टरसाठी अधिकृत वर्कशॉप जवळ असणे ही खरेदीची पहिली अट मानावी, आणि तिथे फवारणीच्या दिवसांत मेकॅनिक किती वेळात शेतावर येतो हे आधीच्या ग्राहकांना विचारून घ्यावे.

आता किंमत. ओजा २१२७ बाजारात आला तेव्हा त्याची पुण्यातील शोरूम किंमत ५,६४,५०० रुपये होती आणि त्याच मालिकेतील ४० अश्वशक्तीच्या ३१४० ची ७,३५,०००. भागाकार केला तर लहान ट्रॅक्टरची एक अश्वशक्ती सुमारे २०,९०० रुपयांना पडते आणि मोठ्याची १८,३७५ रुपयांना. म्हणजे ज्याची जमीन कमी, त्याने प्रत्येक अश्वशक्तीमागे जास्त मोजायचे. याच कंपनीचा २४ अश्वशक्तीचा, चार चाकांच्या चालीचा जिवो २४५ हा २०१७ मध्ये आला तेव्हा चार लाखांच्या आसपास मिळत होता. दोन्ही यंत्रे एका तोलाची नाहीत, ओजा निश्चितच वरच्या दर्जाचा आहे. पण सहा वर्षांत बागेत शिरणाऱ्या चारचाकी ट्रॅक्टरच्या नव्या मॉडेलची किंमत चारवरून साडेपाच लाखांवर गेली, आणि द्राक्षाचा भाव काही त्या पटीत वाढला नाही.

ही वाढ कुठून आली, याबद्दल शोरूममध्ये जी उत्तरे मिळतात ती सगळीच खरी नसतात. एका ठिकाणी मला सांगण्यात आले, “भाऊ, प्रदूषणाचे नवे नियम आले, म्हणून छोटे ट्रॅक्टर महागले.” १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेले ट्रेम-४ हे ट्रॅक्टरच्या धुराचे नियम ५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरसाठी होते, २७ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचा त्यांच्याशी संबंध नव्हता. त्यापुढचे ट्रेम-५ नियम आधी एप्रिल २०२४ साठी ठरले होते आणि मग एप्रिल २०२६ पर्यंत पुढे ढकलले गेले. तेव्हा २०२३ पर्यंतची भाववाढ त्या नियमांच्या खात्यावर टाकणे बरोबर नाही. खरी कारणे अधिक साधी आहेत. २०२१ आणि २०२२ मध्ये पोलाद आणि इतर धातू महागले तेव्हा ट्रॅक्टर कंपन्यांनी एकापाठोपाठ एक दरवाढी केल्या. त्यात छोट्या ट्रॅक्टरची एक कायमची अडचण मिसळते. आपल्या देशात सर्वाधिक खप ४१ ते ५० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचा आहे. छोट्या, अरुंद, चारचाकी ट्रॅक्टरसाठी वेगळा पुढचा अ‍ॅक्सल, वेगळा गिअरबॉक्स आणि वेगळे साचे लागतात, आणि तो खर्च कमी नगांवर वाटला जातो. स्पर्धाही वाढलेली नाही. पुण्याच्या फोर्स मोटर्सचे २७ अश्वशक्तीचे बागायती ट्रॅक्टर आपल्याकडे परिचयाचे होते, पण त्या कंपनीने मार्च २०२४ अखेर ट्रॅक्टरचा व्यवसायच बंद केला. स्वराज, कुबोटा, व्हीएसटी, सोनालिका असे पर्याय आहेत आणि कुबोटाचा २४ अश्वशक्तीचा निओस्टार तर बागायतदारांचा आवडता आहे, परंतु चार चाकांची चाल हवी म्हटले की किमती एकमेकींच्या जवळपासच येऊन थांबतात.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, टायर आणि अनेक सुट्या भागांवरचा १८ वरून ५ टक्क्यांवर आला, ही गोष्ट स्वागतार्हच आहे. ३५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरमागे सुमारे ४१ हजार रुपये वाचतील असे केंद्र सरकारने तेव्हा सांगितले. ओजा २१२७ च्या सुरुवातीच्या किमतीवर हाच हिशेब मांडला, तर बचत साधारण ३५ हजारांची होते. कोटेशन हातात घेताना ही घट मूळ किमतीत दिसते का, की तीच रक्कम ‘विशेष सवलत’ म्हणून दाखवून आपल्यावर उपकार केल्यासारखी मांडली आहे, हे नीट पाहावे. मला मिळालेल्या एका कोटेशनात खालच्या बाजूला हाताने लिहिलेल्या ओळी होत्या : विमा, नोंदणी, बंपर, छत, हूक, आणि शेवटी ‘इतर’ या एका शब्दासमोर काही हजारांची रक्कम. ‘इतर’ म्हणजे काय, याचे उत्तर काउंटरवर कोणालाच देता आले नाही आणि मी विचारल्यावर ती ओळ खोडण्यात आली. न विचारणाऱ्यांकडून ती रक्कम घेतली जात असणार, याचा मला अजूनही राग आहे.

शिवाय ट्रॅक्टर एकटा बागेत काही करत नाही. अरुंद रोटाव्हेटर लाखाच्या घरात जातो, चांगला ब्लोअर दीड-दोन लाखांपासून पुढे सुरू होतो. नोंदणी आणि विमा धरून द्राक्षबागेत उभा राहू शकेल असा पूर्ण संच आठ-नऊ लाखांचा होतो. शोरूमच्या बाहेर फलकावर लिहिलेला आकडा आणि हा आकडा यांमधले अंतर हेच बहुतेकांचे कर्ज वाढवते.

कर्जाचा हिशेब तर प्रत्येकाने स्वतः कागदावर मांडावा. पाच लाखांचे कर्ज, पाच वर्षे मुदत आणि सहामाही हप्ते धरा. कमी होत जाणाऱ्या शिलकीवर १२ टक्के व्याज असेल तर हप्ता सुमारे ६७,९०० रुपये पडतो, १६ टक्के असेल तर ७४,५०० रुपये. दहा हप्त्यांत फरक ६५ हजारांच्या वर जातो. म्हणजे सरकारने करात सोडलेले ३५ हजार आपण व्याजात जवळजवळ दुपटीने परत देऊन बसतो. त्यातही ‘फक्त नऊ टक्के’ असे सांगून फ्लॅट दराने, म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवरच व्याज लावून, दिले जाणारे कर्ज सर्वांत फसवे. पाच लाखांवर पाच वर्षे सरळ नऊ टक्के म्हणजे सव्वादोन लाख व्याज आणि ७२,५०० चा हप्ता, जो शिलकीवरच्या दरात मोजला तर जवळजवळ १५ टक्क्यांचा होतो. दर किती हे विचारण्यापूर्वी तो फ्लॅट आहे की शिलकीवरचा हे विचारावे, आणि शक्य असेल तर शोरूममधल्या फायनान्सच्या टेबलावर बसण्याआधी आपल्या बँकेत किंवा सोसायटीत जाऊन यावे. दहा-पंधरा दिवस जास्त लागतील, पण ते दिवस फुकट जात नाहीत.

अनुदानाचा आधार आहे, पण तो किमतीच्या मागे पडला आहे. महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत अर्ज करता येतो, पूर्वसंमती मिळण्याआधी खरेदी केली तर हक्क जातो, आणि रक्कम खरेदीनंतर खात्यात येते, म्हणजे आधी पूर्ण पैसे उभे करावेच लागतात. सामाजिक न्याय विभागाची अनुसूचित जाती आणि नवबौद्ध घटकांच्या बचत गटांसाठीची मिनी ट्रॅक्टर योजना तर हेतूने फार मोलाची आहे : ९ ते १८ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आणि उपसाधने यांवर ९० टक्के अनुदान. परंतु तिच्यात ट्रॅक्टर, रोटाव्हेटर किंवा कल्टिव्हेटर आणि ट्रेलर हे सगळे मिळून साडेतीन लाखांची मर्यादा धरलेली होती आणि त्यावर ३ लाख १५ हजार अनुदान. आज त्या साडेतीन लाखांत ट्रॅक्टरच जेमतेम बसतो, आणि वरचा खर्च ज्यांच्याकडे तो करण्याची ऐपत नाही म्हणून योजना काढली त्याच गटांवर पडतो. अशा योजनांच्या मर्यादा दरवर्षी बाजारभावाशी ताडून पाहिल्या पाहिजेत, ही मागणी शेतकरी संघटनांनी लावून धरावी असे मला मनापासून वाटते.

मग घ्यावा कोणी? सहा-सात एकर बाग असेल, वर्षभरात फवारणी, खत टाकणे आणि ओळींतली मशागत मिळून ट्रॅक्टर सतत कामात राहणार असेल, तर ओजा २१२७ घेण्यास हरकत नाही. ही किंमत त्या क्षेत्रावर वसूल होईल आणि चालवणाऱ्याच्या शरीराला जो आराम मिळतो तो वेगळाच. दोन-तीन एकरवाल्याने मात्र भाड्याची फवारणी, चांगला जुना ट्रॅक्टर किंवा भागीदारी, यांपैकी एखादा मार्ग आधी तपासावा. जुना घेताना तासांच्या मीटरवर विसंबू नये. पीटीओला ब्लोअर जोडून, टाकी भरून, प्रत्यक्ष बागेत चढावर चालवून बघावा आणि लिफ्ट भार घेऊन खाली सरकते का ते पाहावे.

आम्ही स्वतः भागीदारीचा मार्ग धरला आहे. मी आणि माझा चुलतभाऊ, दोघांची मिळून सहा एकर बाग, बांधाला बांध लागून, आणि कर्ज सोसायटीकडून. तिसऱ्या भागीदाराचा प्रस्तावही आला होता, पण तो आम्ही विचारपूर्वक नाकारला, कारण पाऊस उघडल्यानंतरच्या सकाळी सगळ्यांनाच ट्रॅक्टर एकाच वेळी हवा असतो. दोघांच्या छाटण्या आठवड्याच्या अंतराने धरायच्या, डिझेल आपापले, दुरुस्ती एकराच्या प्रमाणात, आणि ज्याच्या नावावर नोंदणी त्याच्या नावावरच विमा, असे आम्ही शंभर रुपयांच्या मुद्रांकावर लिहून घेतले आहे.