लेबल १०५० टीआयचं, चिप जीएफ११६

तुळशीचं लग्न झालं, लग्नसराई लागली आणि पाचव्याच दिवशी माझ्या व्हिडिओ एडिटिंगच्या मशीनचं ग्राफिक्स कार्ड (स्क्रीनवर चित्र काढणारा भाग) गेलं. स्क्रीनभर हिरवे-गुलाबी चौकोन आले, मग काळोख. मशीन २०१२ सालचं. प्रोसेसर कोअर आय५-२४००, ८ जीबी रॅम. प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सवर विंडोज चालू होत होतं, पण तीन तासांचं लग्न त्यावर कापणं शक्य नव्हतं. तीन घरांचे व्हिडिओ द्यायचे बाकी होते आणि नवीन मशीन घेण्याइतके पैसे हातात नव्हते.

जुन्या वस्तूंच्या जाहिरातींत एक कार्ड दिसलं: एनव्हिडिया कंपनीच्या चिपचं जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबी, न वापरलेलं, ४,२०० रुपये. फोन केला. समोरचा माणूस अगदी गोड बोलला. इम्पोर्टचा माल आहे दादा, बिल नाही, म्हणून स्वस्त. मी यूपीआयने पैसे पाठवले. तिसऱ्या दिवशी कुरिअर आलं. खोक्यावर कंपनीचं नाव नव्हतं, नुसतं ग्राफिक्स कार्डाचं चित्र. आत कार्ड आणि एक सीडी. त्याने बजावून सांगितलं, "हाच ड्रायव्हर टाका, नेटवरचा टाकू नका." ड्रायव्हर म्हणजे विंडोजला कार्ड ओळखून चालवता यावं म्हणून टाकायचं सॉफ्टवेअर. मी तसंच केलं. विंडोजमध्ये नाव बरोबर आलं, मेमरी ४ जीबी दिसली. मला हायसं वाटलं.

डेस्कटॉपवर सगळं ठीक चालायचं. एडिटिंगची टाइमलाइन सुरू केली की दीड-दोन मिनिटांत स्क्रीन काळी. विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, "तुमचा मदरबोर्ड जुना आहे दादा, त्याला कार्ड काय करणार?"

हे वाक्य मला पटलं, आणि खरा घात तिथेच झाला. मशीन बारा-तेरा वर्षांचं, त्यामुळे दोष त्याचाच असणार असं मी धरून चाललो. रॅम काढून तिचे पितळी दिसणारे पाय खोडरबरने घासले. सीमॉसचा, म्हणजे बोर्डावरच्या घड्याळाचा, सेल बदलला. बोर्डाचं बायोस (त्याच्या चिपमध्येच भरलेलं, मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर) अपडेट केलं, तेही जीव मुठीत धरून, कारण मध्येच लाइट गेली असती तर बोर्डच गेला असता. एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) कमी पडतोय असं विक्रेता म्हणाला, म्हणून २,३०० रुपयांचा नवा बसवला. विंडोज दोनदा टाकलं. शेवटी एनव्हिडियाच्या साइटवरून ताजा ड्रायव्हर घेऊन टाकला, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डापुढे पिवळं चिन्ह आणि कोड ४३, म्हणजे विंडोजने कार्ड बंद केल्याची खूण. सतरा दिवस यात गेले. एका मुलीच्या वडिलांना तिसऱ्यांदा तारीख पुढची द्यावी लागली, त्याची बोच अजून आहे.

अखेर मशीन उचलून एका ओळखीच्या हार्डवेअरवाल्या मुलाकडे नेलं. त्याने मशीन चालू करण्याआधी कार्ड हातात घेऊन फिरवलं आणि विचारलं, "काका, १०५० टीआयला व्हीजीए पोर्ट कसा काय?"

मी ते पाहिलंच नव्हतं. निळा, पंधरा भोकांचा, जुन्या मॉनिटरचा पोर्ट. खऱ्या १०५० टीआयच्या चिपमधून ॲनालॉग सिग्नल निघतच नाही, त्यामुळे असा पोर्ट दिसला की तिथेच थांबायला हवं. दुसरी खूण म्हणजे वरच्या कडेला सहा पिनांचं पॉवरचं सॉकेट. १०५० टीआय ७५ वॅटचं कार्ड आहे, बहुतेक मॉडेल स्लॉटमधूनच वीज घेतात. काही कंपन्या सॉकेट देतात, म्हणून एवढ्यावरून निकाल लावता येत नाही, पण शंका घ्यायला पुरेसं आहे.

त्याने जीपीयू-झेड हे फुकटचं सॉफ्टवेअर चालवलं. २०१८ साली त्यात बनावट कार्डं ओळखायची सोय आली. कार्डाच्या नावाआधी कंसात "फेक" आणि कंपनीच्या लोगोच्या जागी पिवळा त्रिकोण. शेडर, म्हणजे चिपमधले हिशेब करणारे छोटे भाग, १९२. खऱ्या कार्डात ते ७६८ असतात. मग पंखा आणि हीटसिंक उतरवून वाळलेली पेस्ट पुसली. चिपवर कोरलेलं होतं: जीएफ११६. खऱ्यावर जीपी१०७ हवं. जीएफ११६ ही चिप जीटीएक्स ५५० टीआयमध्ये असायची, म्हणजे २०११चा माल. कार्डाच्या स्वतःच्या बायोसमध्ये खोटं नाव आणि खोटी मेमरी भरलेली. प्रत्यक्षात मेमरी १ जीबीच, त्यामुळे काम तेवढ्यापुढे गेलं की स्क्रीन काळी. सीडीतलाच ड्रायव्हर टाकायचा आग्रहही मग कळला. त्या पिढीच्या चिपांना नवे ड्रायव्हर देणं एनव्हिडियाने २०१८ मध्येच थांबवलं आहे.

माझ्या बोर्डात काहीही बिघाड नव्हता. पीसीआय एक्स्प्रेसचं (बोर्डावरच्या कार्डाच्या स्लॉटचा प्रकार) नवं कार्ड जुन्या स्लॉटमध्येही चालतं. क्वचित बायोस अपडेट लागतं, इतकंच.

म्हणून कळकळीने सांगतो, जुन्या मशीनमध्ये बदली कार्ड टाकलं आणि ते चाललं नाही, तर पैसे खर्चायच्या आधी जीपीयू-झेड चालवून पाहा. पाच मिनिटांचं काम आहे. शक्य असेल तर कार्ड विकणाऱ्यासमोरच लावून बघा. पार्सल असेल तर उघडतानाचा व्हिडिओ काढा, लेबलसकट. चॅट आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक जपून ठेवा. फसवणूक लक्षात आल्याक्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, कारण पैसे खात्यातून पुढे सरकायच्या आत अडवता आले तरच उपयोग. मी विसाव्या दिवशी केला. तक्रार नोंदली गेली, पैसे आलेले नाहीत. विक्रेत्याचा नंबर बंद आहे. दुकानातून घेतलं असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही. मात्र त्यासाठी बिल हातात हवं, आणि मी तेच सोडून दिलं होतं.

पुढच्या महिन्यात त्याच मुलाकडून वापरलेलं खरं १०५० टीआय घेतलं, बिलासकट. त्याच जुन्या बोर्डावर पहिल्याच दिवशी तिन्ही लग्नं एक्स्पोर्ट झाली. खोटं कार्ड मी फेकून दिलेलं नाही. हीटसिंक काढून स्टुडिओच्या खणात ठेवलं आहे. कराडच्या आसपासचं कोणी असं कार्ड घ्यायला निघालं असेल तर आधी माझ्याकडे येऊन जा, दोन्ही शेजारी ठेवून दाखवतो.