आय-7 च्या नावावर बर्डीत 46,500 रुपयांना बुडालो

नागपूरच्या बर्डीत असेम्बल्ड, म्हणजे सुटे भाग जोडून बनवलेला पीसी घ्यायला निघाला असाल तर आधी हे वाचा. माझे 46,500 रुपये गेले. 15,000 यूपीआयने, 31,500 रोख.

मुलीला व्हिडिओ एडिटिंगसाठी पीसी हवा होता. सौदा ठरला बाराव्या जनरेशनच्या आय-7 12700 या इंटेलच्या प्रोसेसरचा. डब्यात निघाला आय-7 2600, म्हणजे 2011 चा माल! इंटेलने हे आय-7 नाव 2008 पासून वर्षानुवर्षे चालवलं, नवं-जुनं सगळं एकाच नावाने, आणि या धंद्याचं सगळं भांडवल तेच आहे. 2022 चा साधा आय-3 12100 या जुन्या आय-7 ला सहज मागे टाकतो, कोर, म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे भाग, दोघांचेही चारच. 2017 मध्ये इंटेलची प्रतिस्पर्धी एएमडीचे रायझन प्रोसेसर आले, चुरस लागली, कोर वाढले, बोर्डावर प्रोसेसर बसतो ते सॉकेट बदलले. ऑफिसांमधून निघालेले जुने प्रोसेसर मग त्यांनाच चालणाऱ्या नव्या कोऱ्या एच61 मदरबोर्डावर बसतात आणि चकाचक कॅबिनेटमध्ये आपल्या घरी येतात.

दुकानात दुकानदाराने सेटिंग्जमधलं 'अबाउट' उघडून दाखवलं. 12700 हे मी माझ्या डोळ्यांनी वाचलं. विंडोजच्या रजिस्ट्रीत हे नाव बदलता येतं आणि मशीन सुरू होताना एक छोटी फाइल तेच नाव पुन्हा चिकटवते, हे गिऱ्हाइकाला कुठून कळणार? मग रॅम दाखवायला त्याने टास्क मॅनेजर उघडला. कोर 4, लॉजिकल प्रोसेसर 8. रॅमचा स्पीड 1333. खऱ्या 12700 ला 12 कोर आणि 20 थ्रेड (म्हणजेच लॉजिकल प्रोसेसर) असतात, आणि 1333 म्हणजे सरळसरळ डीडीआर-3, जुन्या पिढीची रॅम. सगळं समोर होतं, राजेहो! दोन-चार सेकंद होतं, मग त्याने खिडकी बंद केली. ते आकडे आठवले की अजून डोकं तापतं. पण दुकानात उभा असलेला माणूस नाव वाचतो, कोर मोजत नाही. त्यांना हे पक्कं माहीत असतं.

सीपीयू-झेड हे प्रोसेसरची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर घेऊन जा आणि पैसे देण्याआधी दुकानातच चालवा. चालवू देत नसेल तर निघून या.

बिल मागितलं तर म्हणाला, "काकाजी, पक्कं बिल पायजे तर 18 टक्के अलग, 8,370 रुपये." घर चालवणारा कोणताही माणूस तिथे विचार करेल. हातात पडला एस्टिमेटचा कागद, त्यावर फक्त 'आय-7, 16, 512', शेवटचे दोन आकडे रॅम आणि स्टोरेजचे. जनरेशन नाही, मॉडेल नाही. पूर्ण मॉडेल नंबर लिहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

एडिटिंगच्या सॉफ्टवेअरने एव्हीएक्स-2 (नंतरच्या प्रोसेसरमध्ये आलेली सोय) नाही म्हणून नकार दिला, तेव्हा हे उघडं पडलं. पोलीस ठाण्यात गेलो. "हा दिवाणी मामला आहे, ग्राहक आयोगात जा." सायबरवाले म्हणाले, माल दुकानातून घेतला ना, मग हे ऑनलाइन नाही. खोटं नाव दाखवून पैसे घेणं ही फसवणूक नाही तर काय आहे? भारतीय न्याय संहितेचं कलम 318 कशासाठी आहे? अर्ज घ्या म्हटलं तर पोच द्यायला तयार नाहीत, उलट मलाच प्रश्न, "कच्च्या बिलावर कशाला घेतलं?" चोर दुकानात बसून हसतोय आणि उलटतपासणी माझी! जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची. तक्रार मी तिथे टाकतोय.

लॅपटॉप घेणाऱ्यांनीही नुसत्या मोठ्या आकड्यावर जाऊ नका. एएमडीचा रायझन 5 7520यू नावाने 7000 मालिकेतला, पण आत झेन 2, म्हणजे 2019 चं आर्किटेक्चर, प्रोसेसरची जुनी रचना. हे तर कंपनीनेच छापलेलं नाव आहे.

दुकानदार आता 12,000 ला मशीन परत घ्यायला तयार आहे. मी देणार नाही. स्क्रूवरचं 'उघडल्यास वॉरंटी रद्द' हे स्टिकर काढताना व्हिडिओ काढलाय, आतल्या प्रोसेसरवर 2600 छापलेलं स्पष्ट दिसतं.