लिनक्सचं सस्पेंड तपासायचंय? पीएम-टेस्ट, आरटीसीवेक, पीएम-ट्रेस की स्लीपग्राफ

लॅपटॉप उघडला तर स्क्रीन काळीच. किंवा मिटून बॅगेत टाकला आणि तासाभराने काढला तर हाताला चटका बसेल इतका तापलेला. लिनक्सवर या दोन्ही प्रकारांना 'सस्पेंड चालत नाही' म्हणतात आणि हाताशी येईल ते साधन घेऊन लोक कामाला लागतात. खरं तर मुख्य तक्रारी तीन आहेत: मशीन झोपायलाच तयार नाही, झोपलं पण उठलं नाही, किंवा नुसतं झोपेचं सोंग घेतलं. आपली तक्रार यातली कुठली हे ठरलं की साधन निवडणं सोपं जातं.

त्याआधी मशीन कुठली झोप घेतं ते बघून घ्या. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आपली माहिती ज्या सिस फाइलसिस्टममध्ये दाखवतो, तिच्यातल्या पॉवर फोल्डरात 'मेम_स्लीप' नावाची फाइल आहे. तिच्यात 'एस२आयडल' आणि 'डीप' यांपैकी जे उपलब्ध आहे ते दिसतं, आणि निवडलेलं चौकटी कंसात असतं. डीप म्हणजे एसीपीआयची (हार्डवेअरच्या वीज-व्यवस्थेचं मानक) जुनी एस३: सूत्रं फर्मवेअरच्या (मशीनमधलं मूळ सॉफ्टवेअर) हाती जातात, रॅम सोडून जवळपास सगळ्याची वीज तुटते. एस२आयडलमध्ये कर्नलच ताबा ठेवतो आणि प्रोसेसरला जमेल तितक्या खोल आयडलमध्ये (कमी विजेची निवांत अवस्था) पाठवतो. नव्या लॅपटॉपांत बऱ्याचदा एस२आयडलच मिळतं. चाचणीचे निकाल वाचताना हा फरक पदोपदी आडवा येतो.

झोपायलाच तयार नाही: पीएम-टेस्ट

माझ्या मते सुरुवात इथूनच करावी, कारण यात मशीन कायमचं गोठण्याचा धोका सगळ्यात कमी. त्याच पॉवर फोल्डरातल्या 'पीएम_टेस्ट' फाइलीत (पीएम म्हणजे पॉवर मॅनेजमेंट) एक पातळी लिहायची, मग 'स्टेट' फाइलीत 'मेम'. कर्नल तेवढ्या पातळीपर्यंत सस्पेंडची तयारी करतो, पाच सेकंद थांबतो आणि मागे फिरतो. पातळ्या पाच: फ्रीझर, डिव्हायसेस, प्लॅटफॉर्म, प्रोसेसर्स, कोअर. एकेक पायरी चढत जायचं आणि जिथे घसरलं तिथे शोधायचं.

फ्रीझरवरच अडलं तर एखादी प्रोसेस गोठायला नकार देतेय. कर्नल वीस सेकंद वाट बघतो आणि तिचं नाव लॉगमध्ये टाकून सस्पेंड सोडून देतो. अडकलेलं नेटवर्क माउंट (नेटवर्कवरून जोडलेला फोल्डर) हा यातला नेहमीचा गुन्हेगार. डिव्हायसेसवर अडलं तर ड्रायव्हरचा घोळ. मग अर्धे मॉड्यूल (कर्नलला जोडता-काढता येणारे ड्रायव्हर) काढा, पुन्हा चालवा, उरलेल्यातले अर्धे काढा. कंटाळवाणं काम आहे, पण हमखास लागू पडतं. प्रत्येक पातळी एकदाच चालवून पुढे जाऊ नका. कधी जमतं कधी नाही अशा चुका एका फेरीत हाती लागत नाहीत.

दोन अडचणी. कर्नल बांधताना पीएम डीबगचा पर्याय चालू नसेल तर ही फाइल दिसतच नाही. आणि एस२आयडलवर शेवटच्या दोन पातळ्या चालत नाहीत. कर्नल तसं लॉगमध्ये सांगून परत फिरतो. काम झाल्यावर 'नन' लिहायला विसरू नका, नाहीतर पुढचं प्रत्येक सस्पेंड पाच सेकंदांत परत येईल आणि तुम्ही तिसरीकडेच बग शोधत बसाल.

उठतं की नाही: आरटीसीवेक

हे युटिल-लिनक्समध्ये येतं, म्हणजे जवळपास प्रत्येक मशीनवर आधीच आहे. घड्याळाच्या चिपमध्ये (आरटीसी) अलार्म लावतं, मशीन झोपवतं, अलार्म वाजला की मशीन उठतं. लूपमध्ये टाकून रात्रभर चालवा आणि सकाळी पॉवर फोल्डरातल्या 'सस्पेंड_स्टॅट्स'मधले यश-अपयशाचे आकडे बघा. शेवटचा दगा कुठल्या डिव्हाइसने दिला तेही तिथेच मिळतं. अलार्मचा पल्ला अगदी लहान ठेवू नका. सस्पेंडला वेळ लागणाऱ्या मशीनवर अलार्म झोपण्याआधीच वाजून जातो.

याचा मोठा आंधळा कोपरा म्हणजे हे थेट कर्नलच्या फाइलीत लिहितं. झाकण मिटल्यावर सिस्टमडीच्या (सिस्टमच्या सेवा सांभाळणारा प्रोग्राम) वाटेने ज्या स्क्रिप्ट चालतात, त्या इथे चालतच नाहीत. ग्राफिक्स कार्डाचा बंदिस्त (सोर्स खुला नसलेला) ड्रायव्हर अशाच स्क्रिप्टवर विसंबून असेल तर लूप एक सांगेल आणि झाकण दुसरंच. अशा वेळी आरटीसीवेकला 'नो' मोड देऊन फक्त अलार्म लावा आणि सस्पेंड सिस्टमडीकडून करवा.

उबंटूवाले अशा फेऱ्यांसाठी कॅनोनिकलचं (उबंटू बनवणारी कंपनी) एफडब्ल्यूटीएस हे तपासणी-साधन वापरतात. फेऱ्यांचा आकडा दिला की ते झोपवतं, उठवतं आणि कर्नलचा लॉग चाळून चुका वेगळ्या काढतं. बरीच मशीन्स पास-नापास करायची असतील तर हे बरं. बूट होतानाच एक फेरी हवी असेल तर कर्नलचा 'टेस्ट_सस्पेंड' पॅरामीटर आहे, मात्र आरटीसीचा ड्रायव्हर कर्नलच्या आतच बांधलेला हवा.

उठताना मेलं तर: पीएम-ट्रेस

स्क्रीन नाही, डिस्क नाही, नेटवर्क नाही. पॉवर बटण दाबून धरलं की रॅममधला लॉगही गेला. रिझ्युमच्या, म्हणजे झोपेतून उठण्याच्या वेळी काही लिहिलं तर रीबूटनंतरही टिकेल अशी मशीनमध्ये एकच हक्काची जागा असते, बॅटरीवर चालणारं आरटीसी घड्याळ. पीएम-ट्रेस रिझ्युमच्या प्रत्येक टप्प्यावर त्या घड्याळातच एक हॅश (तो टप्पा ओळखायचा आकडा) लिहून ठेवतं. लिनस टोरवाल्ड्स आणि पावेल माखेक यांनी 2006 मध्ये लिहिलेली याची टिपणं आजही कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये आहेत. मशीन अडकलं की साधारण तीन मिनिटांच्या आत रीबूट करायचं, कारण घड्याळ पुढे सरकतच असतं. बूट झाल्यावर लॉगमध्ये मॅजिक नंबर दिसतो, खाली 'हॅश मॅचेस' म्हणून सोर्स फाइल आणि ओळ क्रमांक, आणि नशीब जोरावर असेल तर डिव्हाइसचं नाव.

किंमतही मोजावी लागते. तारीख-वेळ भलतीच होते, मग सर्टिफिकेट चुकतात, क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम) भरकटतो. सर्व्हरवर किंवा रोजच्या कामाच्या मशीनवर हे चालू ठेवू नका. शिवाय हे चालू असताना डिव्हायसेस समांतर न उठता एकामागून एक उठतात, त्यामुळे वेळेच्या शर्यतीतून आलेला बग गायबही होऊ शकतो. आणि हे एक्स८६वरच चालतं. तरीही काळ्या स्क्रीनवर याला पर्याय जवळपास नाही. पण आधी कर्नलला 'नो_कन्सोल_सस्पेंड' पॅरामीटर देऊन बघा. बऱ्याचदा शेवटची ओळ स्क्रीनवर राहते आणि तेवढ्यावर भागतं.

उठतं, पण रखडत: स्लीपग्राफ

इंटेलच्या मंडळींचं हे पायथन साधन कर्नलच्या सोर्समध्येच, टूल्समधल्या पॉवर फोल्डरात सापडतं. ब्राउझरमध्ये उघडणारा कालपट बनवून देतं: कुठल्या डिव्हाइसने सस्पेंडला किती मिलिसेकंद खाल्ले, रिझ्युमला किती. मशीन परत येतच नसेल तर याचा काही उपयोग नाही. येत असेल आणि तुम्ही ड्रायव्हर लिहीत असाल तर यासारखं दुसरं काही नाही.

झोपेचं सोंग

तापलेल्या बॅगेचं उत्तर वरच्या एकाही साधनाच्या पास-नापासात मिळत नाही. एस२आयडलमध्ये आरटीसीवेकच्या शंभरपैकी शंभर फेऱ्या पास होतील आणि प्रोसेसर त्या खोल अवस्थेत एकदाही उतरलेला नसेल. कर्नल 6.4 पासून 'सस्पेंड_स्टॅट्स'मध्ये 'लास्ट_एचडब्ल्यू_स्लीप' मिळतं: मागच्या सस्पेंडमध्ये हार्डवेअर खरंच किती मायक्रोसेकंद झोपलं होतं. सध्याच्या इंटेल आणि एएमडी प्लॅटफॉर्मवर तो आकडा शून्य असेल तर बॅटरीची तक्रार खरी धरा. एस२आयडलवरच्या लूपमध्ये प्रत्येक फेरीनंतर हा आकडा नोंदवला नसेल, तर त्या लूपवर मी भरवसा ठेवणार नाही.

हायबरनेशन (मेमरी डिस्कवर लिहून मशीन बंद करणं) तपासणाऱ्यांना वेगळी वाट आहे: 'डिस्क' फाइलीत 'टेस्ट_रिझ्युम' आणि मग 'स्टेट' फाइलीत 'डिस्क' लिहिलं की कर्नल मेमरीची इमेज लिहितो आणि मशीन बंद न करता लगेच तीच वाचून परत उभा राहतो. प्रयोगाआधी उघड्या फाइली सेव्ह करा आणि स्वॅपमध्ये (मेमरीसाठी डिस्कवर राखलेली जागा) पुरेशी जागा आहे ना ते बघा.