पुण्याहून एका दिवसात: लोहगड, राजगड की तोरणा?

तिन्ही गड पुण्यापासून साधारण 55 ते 65 किलोमीटरवर. पहाटे निघालं की रात्रीच्या जेवणाला घरी. त्यामुळे अंतरावरून निवड होत नाही. उंचीचे आकडेही फसवे असतात, कारण पायथा किती उंचीवर आहे ते त्यात कळत नाही. निवडताना एवढंच बघा: वाटेतली सगळ्यात अडचणीची जागा कोणती, तिथे तुम्ही किती वाजता पोचाल आणि दमलेल्या पायांनी ती उतरता येईल का.

सोबत लहान मुलं किंवा साठीपुढची मंडळी असतील तर सरळ लोहगड. लोहगडवाडीपर्यंत गाडी जाते. तिथून गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे ओलांडत, बांधीव पायऱ्यांनी पाऊण तासात माथा. पायांना जास्त काम हवं असेल तर लोकलने लोणावळ्याच्या एक स्टेशन अलीकडे मळवलीला उतरा. भाजे गावातून गायमुख खिंडीपर्यंत दीड-दोन तास चाल आहे; खिंडीतून उजवीकडे लोहगड, डावीकडे विसापूर. भाज्याची बावीस लेणी याच वाटेवर आहेत, ती उतरताना बघण्यापेक्षा सकाळी बघून घ्या. माथ्यावर विंचूकाटा, म्हणजे गडाचं लांबट, निमुळतं टोक, चुकवू नका. मात्र तिथे उतरताना छोटा कातळटप्पा लागतो आणि पावसात त्याच्यावर शेवाळ धरतं. मुलांना तिथून पुढे नेऊ नये. बाकी लोहगडावर खरा त्रास गर्दीचा. जुलै-ऑगस्टच्या रविवारी गाड्यांची रांग अरुंद रस्त्यावर पार खालपासून लागते. आठच्या आत पायथा गाठा, नाहीतर गाडी घरीच ठेवून लोकल पकडा.

पूर्ण दिवस हाताशी असेल आणि चालायची थोडीफार सवय असेल, तर राजगडाला पर्याय नाही. सातारा रस्त्याने नसरापूर फाट्याला वळून मार्गासनी, साखरमार्गे गुंजवणे. तिथून चोर दरवाजाची वाट अडीच-तीन तासांची. आधी झाडीतली सोंड, म्हणजे डोंगराची उतरती धार, मग उभा चढ, आणि शेवटी कातळात खोदलेल्या पायऱ्या. आधाराला रेलिंग आहे, पण रेलिंग एकच आणि चढणारे-उतरणारे दोघंही त्यालाच धरून असतात. दरवाजा इतका ठेंगणा की पाठीवरची सॅक काढून वाकून आत शिरावं लागतं. आत गेलं की समोरच पद्मावती तळं. चढताना ही वाट मजेची वाटते. उतरताना मात्र पाऊल कुठे पडतंय ते दिसत नाही, गुडघे थरथरत असतात, आणि पाऊस असेल तर त्याच पायऱ्यांवरून पाणी वाहत असतं.

म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यांनी पाली दरवाजाची वाट धरावी. अंतर जास्त, पण वाट रुंद, पायऱ्यांची आणि उतरायला निर्धोक. गुंजवण्यातून चढून पालीकडे उतरण्याचा बेत कागदावर छान दिसतो. गाडी मात्र डोंगराच्या पलीकडच्या बाजूला राहते. दोन गाड्या किंवा चालक सोबत असेल तरच तो आखा.

एका दिवसात राजगडाच्या तिन्ही माच्या (माथ्याखालचे तटबंदीचे सपाट भाग) आणि बालेकिल्ला (सगळ्यात वरचा किल्ला) असा हट्ट धरू नका. पद्मावती माचीवरून बालेकिल्ला, आणि मग सुवेळा किंवा संजीवनी यांपैकी एकच. सुवेळा माचीवर नेढं आहे, डोंगराला आरपार पडलेलं भोक. संजीवनीवरची दुहेरी, चिलखती तटबंदी बघायला जाऊन-येऊन दोन तास लागतात, आणि आमच्या मते ती आधी बघावी. बालेकिल्ल्याचा उभा टप्पा अरुंद आहे. सुटीच्या दिवशी अकरानंतर तिथे दोन्हीकडून माणसं अडकतात, म्हणून गडावर पोचल्या पोचल्या तोच उरकून घ्या.

तोरणा 1,403 मीटर, तिघांत सर्वांत उंच. पायथ्याच्या वेल्ह्यापासून बिनी दरवाजापर्यंत अडीच-तीन तास. सोंड उघडी आहे, सावली जवळजवळ नाहीच. चढावर घसारा आहे, म्हणजे सुट्या मुरुमावरून पाय सरकतो. झिजलेल्या तळव्याचे बूट इथे हमखास दगा देतात. दरवाजाखालच्या कातळटप्प्याला रेलिंग आहे. वर कोठी दरवाजा आणि मेंगाई देवीचं मंदिर बघून बरेचजण परततात, आणि नवख्यांनी तेवढंच करावं. झुंजार माचीवर उतरायची वाट दृष्टिभयाची आहे, म्हणजे खाली बघितलं की भीती वाटते. ओल्या कातळावर, किंवा सोबत जाणकार नसताना, तिकडे वळूच नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा तोरण्याचा खरा मोसम. मार्चनंतर जायचंच तर उजाडताना चढायला लागा आणि दहाच्या आत माथ्यावर असा. पुण्याहून वेल्ह्याला नसरापूरमार्गे जाता येतं, तसंच खानापूरवरून पाबे घाटानेही. घाटात टोल लागत नाही, पण वळणं तीव्र आहेत; नवीन हातांनी पावसात तो टाळावा.

2025 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांमध्ये लोहगड आणि राजगड आहेत, तोरणा नाही. चालणाऱ्याच्या दृष्टीने त्यामुळे काही कमी-जास्त होत नाही.

पाणी लोहगडासाठी माणशी दोन लिटर, राजगड-तोरण्यासाठी तीन. टाक्यांतलं पाणी गाळून-उकळून घेतल्याशिवाय पिऊ नका, आणि पद्मावती तळ्याचं तर मुळीच नको. राजगडावर सुटीच्या दिवशी ताक, पिठलं-भाकरी मिळते. तरी डबा न्यावाच. अत्तर, डिओ लावून जाऊ नका आणि कड्याजवळ धूर करू नका, आग्या मोहोळ उठलं तर अरुंद वाटेवर पळायला जागा नसते. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि झाडीत त्याआधीच अंधारतं. राजगड-तोरण्यावरून तीनला उतरायला लागा, मग बघायचं काही राहिलं असलं तरी. आणि प्रत्येकाकडे स्वतंत्र हेडटॉर्च हवा. मोबाइलचा उजेड धरला की रेलिंगसाठी एकच हात उरतो.