फायरवॉलपार दोन सर्व्हर: थेट कॉल, व्हीपीएन, एचटीटीपीएस की क्यू?

वेर्ण्याच्या कारखान्यात एक ॲप्लिकेशन सर्व्हर, पणजीच्या कचेरीत दुसरा, मध्ये दोन फायरवॉल, म्हणजे नेटवर्कच्या दारावरचे पहारेकरी. अशी मांडणी असेल तर वेगाचा विचार नंतर करा. आधी बघा, कनेक्शन कोणाकडून उघडतं? आतून बाहेर जाणारं असेल तर निम्मं काम झालं, कारण फायरवॉल अडवते ती मुख्यतः बाहेरून आत येणाऱ्याला.

जुन्या जावा सिस्टीममध्ये आरएमआय असतं, म्हणजे एका सर्व्हरवरच्या प्रोग्रामने दुसऱ्यावरच्या कोडला थेट कॉल करायची सोय. कुठला ऑब्जेक्ट कुठे आहे ते सांगणाऱ्या रजिस्ट्रीचा १०९९ पोर्ट (सर्व्हरचा क्रमांकाचा दरवाजा) उघडला की भागेल असं वाटतं. पण खरा ऑब्जेक्ट भलत्याच पोर्टवर असतो, आणि तो पोर्ट कोडमध्ये ठरवला नसेल तर रीस्टार्टनंतर बदलतो. म्हणून लुकअप (रजिस्ट्रीतला शोध) होतो आणि पुढचा कॉल लटकतो. त्यात होस्टनेम नीट दिलं नसेल तर सर्व्हर पलीकडच्याला आपला आतला, बाहेरून न पोचता येणारा १९२.१६८चा पत्ता कळवतो! विंडोजमधली अशीच थेट कॉलची सोय म्हणजे डीकॉम, तिचं दुखणं तेच: आधी पोर्ट १३५, मग ४९१५२ ते ६५५३५ मधला कुठलाही. एवढी रांग कुणी उघडू नये.

कोडला हात लावता येत नसेल तर व्हीपीएन, म्हणजे दोन नेटवर्कांमधला कूटबद्ध बोगदा, घ्या. वायरगार्ड या व्हीपीएनला एक यूडीपी पोर्ट पुरतो. मात्र बोगद्याच्या आतही नियम लावा, नाहीतर एका बाजूचा व्हायरस आरामात दुसरीकडे पोचेल.

‘आत्ता साठा किती?’ अशा प्रश्नांना ४४३ वरून एचटीटीपीएस उत्तम.

ऑर्डर आणि डिस्पॅचसाठी मी क्यूच निवडेन, म्हणजे निरोप रांगेत ठेवून पोचवणारा मधला सर्व्हर, ब्रोकर. रॅबिटएमक्यू हा असाच एक ब्रोकर, त्याचा टीएलएस (कूटबद्ध) पोर्ट ५६७१. ब्रोकर दोघांच्या फायरवॉलबाहेर ठेवला तर दोन्ही सर्व्हर आतून बाहेर त्याला जोडतात, आत काहीच उघडावं लागत नाही. पण पावसाळ्यात झाड पडून फायबर तुटली, तर ब्रोकरपर्यंत पोचणार कसं? म्हणून ऑर्डर आधी वेर्ण्यातल्याच डेटाबेसमध्ये आउटबॉक्स (पाठवायच्या निरोपांच्या) टेबलात लिहा, लाइन आली की तिथून पाठवा, ब्रोकरची पोच मिळाल्यावरच खूण करा. पोच वाटेत हरवली तर तीच ऑर्डर पुन्हा जाते, म्हणून प्रत्येकीला स्वतःचा क्रमांक हवा, म्हणजे दुसऱ्यांदा आलेली ओळखून सोडून देता येते. एचटीटीपीएसने ऑर्डर पाठवणाऱ्यांनाही हे चुकत नाही.

पर्याय कुठलाही घ्या, कीपअलाइव्ह तपासा, म्हणजे निवांत कनेक्शनवर अधूनमधून जाणारी ‘आहेस ना?’ ही हाक. लिनक्समध्ये तो मुळात ७२०० सेकंदांवर (दोन तासांवर) असतो, शिवाय प्रोग्रामने मागितला तरच चालतो. पुष्कळ फायरवॉल त्याआधीच निवांत पडलेलं कनेक्शन गुपचूप विसरतात. मग सकाळच्या पाळीचा पहिलाच कॉल अडकतो आणि दोष डेटाबेसच्या माथी येतो.

व्हेंडर डेमो द्यायला आला की त्याला ऑर्डर पाठवायला सांगा, आणि ती चालू असतानाच केबल काढा.